महिना भागत नाही तेव्हा घर नेमकं काय करतं?

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की एक प्रश्न हमखास येतो. "गरीब लोक बचत का करत नाहीत हो?" विचारणारा माणूस बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याला खरंच उत्सुकता असते. पण त्याच्या डोक्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं: सवय नाही, शिस्त नाही, हातात पैसा आला की उडवतात.

मी मूळची माकणीची. लोहारा तालुका, धाराशिव जिल्हा. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण आमच्याच गावाजवळचं. धरण उशाला असलं तरी प्रत्येक घराला बारमाही काम मिळत नाही, आणि म्हणून आमच्या भागातली माणसं वर्षानुवर्षं सोलापूर, पुणे, मुंबईच्या वाटेला लागतात. शहरात गेलेली ही घरं पैशाची ओढाताण कशी निभावतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. आज त्यातलं जे संशोधन मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते तुम्हाला सोप्या भाषेत सांगते. शेवटपर्यंत वाचलंत तर वरच्या प्रश्नाचं उत्तर तुमचं तुम्हीच द्याल.

सरासरी नावाचा चकवा

आधी एक हिशोब मांडूया. हे घर काल्पनिक आहे, आकडेही समजण्यापुरते माझे आहेत. पण पुण्यात हडपसरला किंवा वारज्याला मजूर अड्ड्यावर सकाळी उभं राहणाऱ्या कुणालाही दाखवा, तो म्हणेल, "असंच असतंय."

नवरा सेंट्रिंगच्या कामावर मदतनीस, हजेरी ७०० रुपये. बायको तीन घरची धुणीभांडी करते, महिन्याला ६,००० रुपये. दोन मुलं शाळेत. म्हातारी आई गावाकडे. फेब्रुवारीत कामाचे २४ दिवस भरले, म्हणजे १६,८०० अधिक ६,०००, एकूण २२,८०० रुपये. जुलैमध्ये पावसाने काम बंद, १२ च दिवस भरले. ८,४०० अधिक ६,०००, एकूण १४,४०० रुपये.

आता खर्च बघा. खोलीभाडं ४,५००. किराणा, दूध, भाजी ५,०००. गॅस आणि लाईटबिल १,३००. गावाकडे आईला १,५००. मुलांच्या शाळेचं १,२००. गटाच्या कर्जाचा हप्ता १,९५०. भिशी १,०००. बस, मोबाइल, किरकोळ १,१००. बेरीज १७,५५० रुपये.

फेब्रुवारीत ५,२५० रुपये उरतात. जुलैत ३,१५० रुपये कमी पडतात. वर्षाची सरासरी काढली तर हे घर कसंबसं काठावर आहे. पण सरासरीवर कुणी जेवत नाही. घरमालक सरासरी भाडं घेत नाही, दुकानदार सरासरी उधारी देत नाही. जुलैची भूक जुलैतच भागवावी लागते.

अर्थशास्त्रात उत्पन्नाच्या पातळीइतकंच त्याच्या चढउताराला महत्त्व देतात, ते यासाठी. महिन्याला ठरलेला पगार असणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटकन लक्षात येत नाही, कारण त्याचा चढउतार कंपनीने किंवा सरकारने अंगावर घेतलेला असतो. मजुराचा चढउतार मजुराच्याच अंगावर.

खड्डा कसा भरतात?

त्याच जुलैत धाकट्याला ताप आला असं समजा. दवाखाना, रक्ततपासणी, औषधं मिळून २,४०० रुपये. आता खड्डा ५,५५० रुपयांचा. तो साधारण असा भरला जातो:

- किराणा दुकानात वहीवर २,००० रुपये उधारी
- मुकादमाकडून पुढच्या कामावर १,५०० रुपये उचल
- शेजारणीकडून १,००० रुपये हातउसने
- भाड्यातले १,०५० रुपये "पुढच्या महिन्यात देतो" म्हणून मागे ठेवले

बेरीज बरोबर ५,५५० रुपये. चार ठिकाणं, आणि व्याज कुठेच नाही. पाहणी करणारा माणूस कागदावर लिहील, "बिनव्याजी कर्ज."

पण व्याज शून्य म्हणजे किंमत शून्य नाही. वहीवर घेणारं गिऱ्हाईक भाव करत नाही, बिग बाजारपेठेत स्वस्त मिळतं म्हणून दुसरीकडे जात नाही, आणि पाव किलो, अर्धा किलो असं सुटं घेतं, जे नेहमी महाग पडतं. मुकादमाची उचल अंगावर असताना "हजेरी वाढवा" म्हणता येत नाही, आणि दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी जाता येत नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांची उचल आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. शहरातली ही उचल तिचीच छोटी बहीण. शेजारणीने १,००० दिले, म्हणजे तिच्या अडचणीला तुम्ही "नाही" म्हणू शकत नाही, मग तेव्हा तुमच्याकडे असो वा नसो. आणि घरमालकाकडे भाडं थकलं की नळ गळतोय हे सांगायचीही चोरी.

आता एक प्रश्न. हे घर ५,५५० रुपये एकाच ठिकाणाहून का घेत नाही? कारण प्रत्येक दाराला मर्यादा आहे. दुकानदार २,००० च्या वर वही चढू देत नाही. शिवाय एका दारावर सगळं ओझं टाकलं आणि ते दार बंद झालं, तर पुढच्या वेळी जायचं कुठे? म्हणून थोडं थोडं सगळीकडून. कुणाचं कधी द्यायचं, कुणाला थांबवता येतं, कुणाला नाही, हा सगळा हिशोब बहुतेक घरात बाईच्या डोक्यात असतो. कागदावर कुठेच नसतो.

डायऱ्या काय सांगतात

हा डोक्यातला हिशोब कागदावर आणायचं काम काही संशोधकांनी केलं. डॅरिल कॉलिन्स, जोनाथन मॉर्डक, स्टुअर्ट रदरफोर्ड आणि ऑर्लांडा रुथवेन यांचं 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' हे पुस्तक २००९ साली आलं. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २५० हून अधिक घरांत ते सुमारे दर पंधरा दिवसांनी, वर्षभर जात राहिले, आणि पैसा कुठून आला, कुठे गेला हे टिपत राहिले. भारतातली काही घरं दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतली होती.

एकदाच जाऊन "तुमचं उत्पन्न किती, कर्ज किती" विचारलं, तर माणूस मोठी कर्जं सांगतो. हातउसने, वहीवरची उधारी, बायकोने डब्यात ठेवलेले पैसे, भावाकडे ठेवायला दिलेले पैसे, हे सुटतं. पंधरा दिवसांनी पुन्हा पुन्हा गेलं की ते दिसायला लागतं.

त्यांना दिसलेली गोष्ट अशी. एकही घर, अगदी सगळ्यात गरीब घरसुद्धा, पैसे सांभाळायचे चारपेक्षा कमी प्रकार वापरत नव्हतं. भारतात सरासरी आठाहून थोडे जास्त, दक्षिण आफ्रिकेत दहा. बचत आणि कर्ज दोन्ही एकाच वेळी चालू. वर्षभरात या प्रकारांतून फिरलेला पैसा त्यांच्या हातातल्या शिलकीच्या कितीतरी पट. उत्पन्न जितकं कमी आणि अनियमित, तितकं पैशाचं व्यवस्थापन जास्त लागतं. श्रीमंत माणसाला महिनाभर हिशोब न बघता राहता येतं. गरिबाला एक दिवसही नाही.

रदरफोर्ड यांनी त्याआधी विजयवाड्यातल्या एका बाईचं उदाहरण नोंदवलं होतं. ती वस्तीत रोज फिरून ५ रुपये गोळा करायची. २२० दिवसांनी १,१०० रुपये झाले की १०० रुपये स्वतःचे कापून १,००० परत द्यायची. म्हणजे बायका आपलेच पैसे ठेवायला पैसे देत होत्या. वर्षाच्या हिशोबात हा व्याजदर उणे ३० टक्क्यांच्या आसपास जातो. वेडेपणा वाटतो ना? पण विचार करा. तिच्या घरात ५ रुपये रोज शिल्लक ठेवले असते, तर नवऱ्याने, दिराने, पाहुण्याने, मुलांच्या हट्टाने ते २२० दिवस टिकले असते का? ती १०० रुपये देऊन शिस्त आणि सुरक्षितता विकत घेत होती. आपल्याकडे पतसंस्थेची पिग्मी गोळा करणारा दुकानोदुकानी फिरतो, त्याचंही महत्त्व हेच. तो दारात येतो म्हणून बचत होते.

भिशी: अर्धी बचत, अर्धं कर्ज

भिशी तुम्हाला माहीतच आहे, पण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. १२ बायका, महिन्याला प्रत्येकी १,०००. दर महिन्याला एकीला १२,०००. सगळ्यांनी शेवटी १२,००० च भरले आणि १२,००० च मिळाले. मग फायदा काय?

एकेकटीने साठवले असते तर बारा जणींनाही १२,००० हातात यायला बाराच महिने लागले असते. भिशीत शेवटची सोडून प्रत्येकीला ते आधी मिळतात. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघाली तिच्यासाठी हे बिनव्याजी कर्ज, शेवटच्या महिन्यात जिची निघाली तिच्यासाठी ही बचत. ज्यांना घाई आहे आणि ज्यांना नाही, अशा दोघींची गाठ घालून देणारी ही रचना. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६२ साली जगभरातल्या अशा मंडळांवर लिहिलं होतं. नावं वेगवेगळी, युक्ती एकच.

भिशीची खरी ताकद मात्र वेगळीच आहे. ती "नाही" म्हणायला कारण देते. दिराने पैसे मागितले तर "भिशी भरायची आहे" हे उत्तर चालतं. "मला साठवायचे आहेत" हे चालत नाही.

तिचा कमकुवतपणाही सांगायला हवा. मुलाला ताप जुलैत येतो, चिठ्ठी मात्र ऑक्टोबरला निघते. अडचण चिठ्ठीची वाट बघत नाही. लिलाव भिशीत गरजेच्या वेळी पैसे उचलता येतात, पण जितकी गरज मोठी तितकी रक्कम सोडावी लागते. आणि मध्येच एखादी भरायची थांबली तर सगळ्यांचं नातंच नासतं.

गाव म्हणजे विमा कंपनी?

आता आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावाची गोष्ट. शिरापूर हे नाव जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवलं जातं, हे तिथल्या किती जणांना ठाऊक असेल कुणास ठाऊक. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून काही गावांतल्या घरांची वर्षानुवर्षं बारीक नोंद ठेवली. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं कान्झरा आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं औरेपल्ली होतं. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली या तीन गावांच्या नोंदींवरून एक प्रश्न विचारला: एखाद्या घराचं उत्पन्न पडलं, तर त्या घराचं खाणंपिणंही तितकंच पडतं का?

उत्तर आश्चर्याचं होतं. घराचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलत होता. म्हणजे एकाचं वर्ष बुडालं तर उसनवारी, मदत, साठवलेलं धान्य अशा वाटांनी गाव त्याला बऱ्याच अंशी सावरून घेत होतं. पूर्णपणे नाही, हेही त्यांनी लिहिलं. एका गावात भूमिहीनांच्या वाट्याला हे संरक्षण कमी येत होतं. ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, त्याला देणारेही कमी. नंतरच्या अभ्यासकांनी टाउनसेंड यांच्या पद्धतीवर टीका केली, पण मूळ प्रश्न टिकून राहिला.

त्याच नोंदींवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली आणखी एक गोष्ट दाखवली होती. मुली लांबच्या गावी दिलेल्या घरांचा खाण्याचा खर्च दुष्काळातही कमी डळमळत होता. कारण? आपल्याकडे पाऊस पडला नाही तरी व्याह्याच्या गावी पडलेला असू शकतो. सोयरीक हीसुद्धा जोखमीची वाटणी.

आता माकणीतून पुण्याला गेलेल्या मुलाकडे याच नजरेने बघा. तो फक्त जास्त मजुरी मिळते म्हणून गेलेला नाही. सोयाबीन गेलं तरी पुण्याची हजेरी चालू राहावी, म्हणून घराने आपली एक टोपली वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे. आणि पुण्यात काम बंद पडलं तर गावाकडून ज्वारीचं, तुरीच्या डाळीचं गाठोडं येतं.

पण इथे एक खोच आहे. जून-जुलै. पावसाने शहरातलं बांधकाम मंदावतं. त्याच वेळी गावाकडे पेरणी, बी-बियाणं, खत. त्याच वेळी शाळा उघडतात, वह्या-पुस्तकं, गणवेश. दोन टोपल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या, पण दोन्ही एकाच महिन्यात रिकाम्या होतात. म्हणून वर मी जुलैचाच हिशोब मांडला.

आणि जेव्हा संकट सगळ्यांवर एकदम येतं, तेव्हा तर ही सगळी रचनाच बसते. आमच्या भागाला हे समजावून सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं पडली, सुमारे आठ हजार माणसं गेली. शेजारी शेजाऱ्याला उसनं कशातून देणार? त्याचंही घर पडलेलं. २०२० च्या टाळेबंदीत शहरातल्या वस्त्यांत तेच झालं. उसनं देणाऱ्याचं, घेणाऱ्याचं, दुकानदाराचं, मुकादमाचं, सगळ्यांचं एकाच दिवशी बंद. अशा वेळी बाहेरून पैसा किंवा काम आलं तरच घर उभं राहतं. १९७०-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्राने ते केलं होतं. मे १९७३ मध्ये जवळपास ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. पण ती हमी ग्रामीण भागापुरती. माकणीचा माणूस पुण्याला गेला की त्याची हमी वेशीवरच राहते.

शहरात काय बदलतं

कॅरोलिन मोझर यांनी १९९८ साली लुसाका, ग्वायाकिल, मनिला आणि बुडापेस्ट या शहरांतल्या गरीब वस्त्यांवर लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. घराकडे काय नाही हे मोजत बसण्यापेक्षा काय आहे ते बघा: कष्ट करणारे हात, शिक्षण आणि तब्येत, राहतं घर, घरातली नाती, शेजार. संकटात घर यातलंच काहीतरी वापरतं.

शहरात सगळ्याला रोख पैसा लागतो. सरपण नाही, परड्यातली भाजी नाही, पाण्यालाही कधी पैसे. म्हणून रोख आणणारे हात वाढवणं हा पहिला उपाय. बाई आणखी एक घर धरते. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या बायका घरी विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांवर. घरकाम सांभाळून, बसल्या जागी. घराला आधार मिळतो, पण पाठ, डोळे आणि फुफ्फुसं यांची किंमत देऊन.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे छप्पर. स्वतःची खोली असेल तर पुढच्या भागात दुकान टाकता येतं, शिलाई मशीन ठेवता येतं, अर्धी भाड्याने देता येते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, पुढे रे नगरमध्ये तीस हजार घरांचा प्रकल्प आला. त्यासाठी कामगारांनी इतकी वर्षं लढा का दिला, हे यावरून कळतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे हा आधार नसतो. त्याच्यासाठी छप्पर हा दर महिन्याचा खर्च आहे.

हप्ता का फसतो

बचत गट आणि मायक्रोफायनान्सबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. एकाला ते गरिबी हटवणारं जादूचं औषध वाटतं, दुसऱ्याला नवा सावकार. हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रॅचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी १०४ वस्त्यांपैकी ५२ वस्त्यांत चिठ्ठ्या टाकून कर्जाची सोय आधी सुरू होईल अशी व्यवस्था करून अभ्यास केला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. काही घरांनी धंद्यात पैसे घातले, टिकाऊ वस्तू घेतल्या, चहा-तंबाखूसारखे खर्च कमी केले. पण एकूण घरखर्च, शिक्षण, तब्येत, बायकांचा घरातला अधिकार, यांत ठळक फरक दिसला नाही. चमत्कार नाही, सर्वनाशही नाही.

माझ्या मते खरी अडचण आहे ती हप्त्याच्या आकारात. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम सांगतो: वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि घराच्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको. नियम चांगला आहे. पण महिन्याचं उत्पन्न कोणतं धरायचं? आपल्या घराची सरासरी साधारण १८,५०० धरली तर हप्त्यांना ९,२५० पर्यंत परवानगी. जुलैच्या १४,४०० मध्ये तो हप्ता ६४ टक्के होतो. उत्पन्न लाटेसारखं, हप्ता भिंतीसारखा. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाकडून उचलायचं, आणि तिथून साखळी सुरू.

यावर उपाय शोधायचा प्रयत्नही झाला आहे. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही बायकांना आठवड्याऐवजी महिन्याने हप्ता भरायची मुभा दिली. पैशाची चिंता वाटते असं सांगण्याची शक्यता त्यांच्यात जवळपास निम्म्याने कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात पहिला हप्ता दोन महिन्यांनी सुरू केला. त्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे गुंतवले, नफाही वाढला. पण कर्ज थकण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणजे सवलतीलाही किंमत आहे. ती कुणी सोसायची, हा धोरणाचा प्रश्न.

तीन पायऱ्या

दुष्काळात घरं काय काय करतात याचे अनेक अभ्यास एकत्र वाचून जेन कॉर्बेट यांनी १९८८ साली एक क्रम मांडला. माझ्या शब्दांत तो शहराला लावून सांगते.

पहिली पायरी: मागे घेता येतील असे उपाय. खर्च कमी करणं, हातउसने, वहीवर घेणं, बचत मोडणं, सोनं गहाण ठेवणं. वेळ बरी आली की हे भरून निघतं.

दुसरी पायरी: कमावण्याचं साधन जाणं. शिलाई मशीन, हातगाडी, दुचाकी, गावाकडची शेळी किंवा जमिनीचा तुकडा विकणं. दहा टक्के महिन्याने सावकाराकडून घेणं. इथून परत वर यायला वर्षं लागतात.

तिसरी पायरी: जिथून परतणंच नाही. मुलीला शाळेतून काढणं, लवकर लग्न लावून देणं, आईचं बीपीचं औषध बंद करणं, ऑपरेशन पुढे ढकलत राहणं.

अनिरुद्ध कृष्णा यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेशसह अनेक ठिकाणी हजारो घरांचा मागोवा घेतला. त्यांच्या २०१० च्या पुस्तकाचं नाव आहे 'वन इलनेस अवे', म्हणजे फक्त एका आजारपणाचं अंतर. घरं गरिबीत घसरण्याच्या कारणांत आजारपण आणि त्याचा खर्च सगळ्यात वर होता. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारखी योजना महत्त्वाची. पण ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. जुलैतला २,४०० रुपयांचा ताप तिच्यात बसत नाही, आणि बहुतेक घरं अशा छोट्या छोट्या धक्क्यांनीच झिजतात.

मग बचतीचं काय?

'पुअर इकॉनॉमिक्स' या पुस्तकात बॅनर्जी आणि डुफ्लो चेन्नईच्या फळविक्रेत्यांबद्दल सांगतात. सकाळी माल भरायला पैसे घ्यायचे, संध्याकाळी फेडायचे, व्याज दिवसाला जवळपास ५ टक्के. १,००० घेतले की रोज ५० रुपये गेले. आता गणित करून बघा. रोज फक्त ५ रुपये कमी उचलले, आणि वाचलेलं व्याजही त्यातच वळवलं, तर साधारण ५० दिवसांत कर्ज शून्य होतं.

मग ती बाई ते का करत नाही? आता तुम्ही उत्तर देऊ शकता. ५० दिवस सलग, एकही ताप नाही, एकही पाहुणा नाही, पावसाने बुडालेला एकही बाजार नाही, असे मिळाले पाहिजेत. आणि त्या ५० दिवसांत डब्यातले पैसे घरातल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटले पाहिजेत. तिला गणित येतं. तिला सलग बरे दिवस मिळत नाहीत.

यातून तुमच्या-माझ्यासाठी काही साध्या गोष्टी निघतात. घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पगार ठरल्या तारखेला द्या. पाच तारखेचा पगार बारा तारखेला दिला तर तुमचं काही बिघडत नाही, तिथे मात्र भिशी चुकते. आजारपणाची सुट्टी कापू नका. तुम्ही बांधकाम ठेकेदार असाल तर मजुराला ९० दिवस काम केल्याचा दाखला द्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी त्याच्यावाचून होत नाही, आणि रोज वेगळ्या साइटवर जाणाऱ्याला तो मिळवणं सगळ्यात अवघड जातं. आणि ओळखीचं कुणी गावाकडून आलेलं असेल तर सांगा, की अन्न सुरक्षा योजनेत नाव असेल तर कार्ड माकणीचं असलं तरी पुण्याच्या रेशन दुकानात धान्य घेता येतं. अनेकांना अजूनही वाटतं की त्यासाठी गावालाच जावं लागतं.

शेवटी एक इशारा, जो मी स्वतःलाही सतत देत असते. ही घरं किती हुशारीने तग धरतात, हे लिहिताना कौतुक करायचा मोह होतो. पण माणूस तग धरून आहे म्हणजे त्याचं बरं चाललंय असं नव्हे. जुलैचा खड्डा भरला गेला, हे वहीत दिसतं. तो भरताना थोरलीची शिकवणी बंद झाली, आजीची गोळी एक दिवसाआड झाली, हे वहीत कुठेच येत नाही. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "हे लोक बचत का करत नाहीत" असं विचारलं, तर त्याला उलट विचारा: त्यांनी आतापर्यंत काय काय खर्ची घातलंय, ते मोजलंय का कुणी?